शिकवायचा पंप

इस्पितळात त्यांना पाठीमागे ‘पंपवाले’ म्हणत, आणि हे त्यांच्या कानावर आलेलं नाही असा सगळ्यांचा समज होता. कानावर आलं होतं. इतकंच नव्हे, तर मनातल्या मनात त्यांना ते आवडतही होतं. तातडीच्या विभागाचे प्रमुख, पन्नाशी उलटलेली, केस मागे हटत चाललेले आणि पोट पुढे सरकत चाललेलं. अशा माणसाला लोक कुठल्याही नावाने ओळखत असले तरी त्याने आनंद मानावा, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. त्यांच्या आधीच्या प्रमुखांना तर सगळे ‘डुलकी’ म्हणत.

पंप म्हणजे दम्याचा पंप, तोंडाला लावून ओढायचा तो. डॉक्टरांच्या आयुष्याचं ध्येय म्हणाल तर तेवढंच होतं. दम लागलेला माणूस विभागात आला, की श्वास मोकळा करणाऱ्या औषधाबरोबर त्याला पहिल्या तासातच श्वासातून स्टेरॉइडही मिळालं पाहिजे. गोळीचं स्टेरॉइड द्यायचंच, त्यात वाद नाही. पण ते पोटातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात असं गावभर हिंडून पोचतं, आणि मास्कमधून दिलेलं थेट जागेवर उतरतं. याबद्दल ते कुणाशीही, कुठेही, कितीही वेळ बोलू शकत. केस कापून घेताना, मानेला वस्तरा लागलेला असतानासुद्धा ते यावर बोलले होते, आणि न्हाव्याने शेवटी हात जोडले होते.

त्यांचा एक दाखला ठरलेला होता: ओल लागून फुगलेलं दार. दम लागला की ओढायचा तो निळा पंप म्हणजे त्या दाराला खांद्याने दिलेला धक्का. दार उघडतं, माणूस आत जातो, पण लाकूड फुगलेलं ते फुगलेलंच. उद्या पुन्हा अडकणार. फुगवटा उतरवायचा तर स्टेरॉइडच हवं, अडलेल्या वेळी मास्कमधून आणि एरवी रोजच्या पंपातून. दाखला वाईट नव्हता. फक्त तो त्यांनी इतक्या वेळा दिला होता, की घरात कुणी ‘जरा दार लाव’ म्हटलं तरी बायको आधी घाबरून त्यांच्याकडे बघायची.

आणखी एक शोध त्यांनी लावला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ‘रोजचा पंप रोज घेता का?’ असं विचारलं की खरं बोलणारा विचारणाऱ्याकडे बघतो. थाप मारणारा ‘हो हो, रोज’ म्हणतो आणि छताकडे बघतो. व्याख्यानात ते हे करून दाखवत. डोळे वर, ओठ मुडपलेले, चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव. हमखास हशा पिकायचा. सोंग इतकं हुबेहूब कसं जमतं, असं कुणी विचारलं नाही हे त्यांचं नशीब.

कारण डॉक्टरांना स्वतःलाच दमा होता.

इस्पितळात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्याला पाणी बघून घेरी यावी, तसं काहीसं त्यांना ते वाटायचं. निळा पंप कोटाच्या डाव्या खिशात असायचा. गरज पडली तर बाथरूममध्ये जायचं, नळ पूर्ण सोडायचा आणि त्या आवाजात पंप ओढून घ्यायचा. विभागातल्या मोठ्या सिस्टरना इतकी वर्षं वाटत होतं की साहेबांना हात धुवायचं वेड आहे. एकदा तर त्यांनी सगळ्या नर्सना साहेबांचा आदर्श ठेवायला सांगितलं होतं.

घरी मात्र लपवाछपवी नव्हती, कारण घरात आणखी एक दमेकरी होती. कन्यारत्न. पोरीने नाक आईचं उचललं, हट्ट आजीचा उचलला आणि वडिलांकडून घेण्यासारखं एवढंच सापडलं. गेल्या हिवाळ्यात तिला वडिलांच्याच विभागात आणावं लागलं होतं. त्या दिवशी डॉक्टरांमधला डॉक्टर कुठे गेला कोण जाणे. उपचार दुसऱ्यांनी केले. हे आपले खाटेशेजारच्या पडद्याला धरून उभे. पोरीचे ओठ पुन्हा लाल झाले तेव्हा कुठे लक्षात आलं की पडदा दांडीसकट खाली आलेला आहे आणि आपण तो शालीसारखा पांघरून उभे आहोत. त्या दिवशी त्यांना अगदी स्वच्छ कळलं, की व्याख्यानं गेली खड्ड्यात, नाव गेलं खड्ड्यात, आपल्याला या जगात एवढंच हवंय: ही पोरगी श्वास घेत राहिली पाहिजे.

आणि त्यासाठी तिने रोजचा पंप रोज घ्यायला हवा होता. तिथेच घोडं अडलेलं होतं.

“मी बरी आहे ना आता? मग औषध कशाला?” ती म्हणाली होती.

“बरी राहावीस म्हणून.”

“त्याने राहते कशावरून?”

“माझ्यावरून. मी रोज घेतो. मला कधी काही झालेलं बघितलंस?”

तिने आठवून बघितलं. खरंच बघितलेलं नव्हतं. तिने पंप घेतला, आणि डॉक्टरांना वाटलं की आपल्या सगळ्या व्याख्यानांत मिळून जेवढं काम झालं नाही तेवढं या एका वाक्याने झालं.

गंमत अशी, की ते बोलले तेव्हा ते खरं होतं. खोटं नंतर झालं, तेही हळूहळू. उन्हाळ्यात एके दिवशी रोजचा पंप घ्यायचा राहिला आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी राहिला, तरी काही झालं नाही. मग दाढीच्या सामानामागे तो पंप जाऊन बसला आणि तिथेच धूळ खाऊ लागला. ‘बरं वाटतंय म्हणून पंप सोडणारा रुग्ण मला मूर्खपणाचा कळस वाटतो,’ हे वाक्य त्यांच्या व्याख्यानात होतं. ते वाक्य त्यांनी आरशासमोर पाठ केलं होतं, दाढी करता करता, त्या पंपाच्या साक्षीने.

कन्येचं मात्र झकास चाललं होतं. पंपाच्या पाठीवर एक इवलीशी चौकट असते, तीत किती फवारे उरले त्याचा आकडा दिसतो. रविवारी सकाळी डॉक्टर तो आकडा बघत. आकडा अगदी ठरल्याप्रमाणे उतरत होता. ते पंप उंच धरून बायकोला दाखवत आणि म्हणत, “बघ, पटवून सांगितलं की पटतं.” बायको म्हणे, “हो का,” आणि कणीक मळत राही.

आता त्या दिवसाची गोष्ट.

आसपासच्या इस्पितळांमधले डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी डॉक्टरांनी एक व्याख्यान ठेवलं होतं. जागा वरच्या मजल्यावरचा, सभागृह म्हणावं असा हॉल. पाहुणे येणार म्हणून त्यांनी स्वतः मागे लागून व्यासपीठावरच्या टेबलाला नवं पॉलिश करून घेतलं होतं. पॉलिशवाला म्हणालाही होता, “साहेब, वास जायला जरा वेळ द्या, खिडक्या उघड्या ठेवा.” साहेब म्हणाले, “खिडक्या उघडल्या की बाहेरच्या गाड्यांचा आवाज येतो, माझं बोलणं ऐकू जात नाही.” दम्यावर व्याख्यान देणाऱ्याने बंद खोलीत ताज्या पॉलिशशेजारी उभं राहणं, ही कल्पना त्यांची स्वतःची होती. त्यात दुसऱ्या कुणाचाही वाटा नव्हता.

पंप कसा ओढायचा ते दाखवायला खोटा रुग्ण हवा होता. शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांनी कन्येला बरोबर घेतलं. ती एकाच अटीवर तयार झाली: दाराचा दाखला द्यायचा नाही. डॉक्टरांनी शब्द दिला.

निघताना बायकोने दारातून विचारलं, “अहो, पोरीचे दोन्ही पंप, निळा आणि रोजचा, मी तिच्या पिशवीत टाकलेत. तुमचा निळा तुम्ही घेतलात ना?”

“घेतला, घेतला,” म्हणून त्यांनी डावा खिसा थोपटला.

घेतला होताच. पण इस्पितळात पोचल्यावर त्यांना वाटलं की पाहुण्यांसमोर नवा इस्त्रीचा कोट हवा. त्यांच्या खोलीत टेबलावर शिकवायच्या पंपांचा खोका होता. शिकवायचा पंप म्हणजे दिसायला तसाच निळा, दाबला की तसाच फुस्स आवाज करणारा, पण आत औषधाचा कण नाही. मोठ्या सिस्टरनी घोळ नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाला एक पांढरी टिकली चिकटवली होती. डॉक्टरांनी जुन्या कोटातला पंप काढून त्या खोक्याच्या कडेला ठेवला, नवा कोट चढवला, आरशात बघितलं, पोट आत घेतलं, आणि एक निळा पंप उचलून डाव्या खिशात टाकला. कोणता निळा, ते बघितलं नाही. ते स्वतःकडे बघत होते.

व्याख्यान सुरू झालं आणि रंगलं. छताकडे बघायचं सोंग झालं, हशा झाला. मग दारही आलं. कन्या पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठाच्या पायरीवर येऊन बसली होती. तिने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी तिकडे बघायचं टाळलं. दाराला धक्का देऊन झाला, लाकूड फुगलं, आणि तेवढ्यात त्यांच्या घशात काहीतरी खवखवलं.

ते खोकले. पाणी प्याले. पुन्हा खोकले. पॉलिशचा वास आता वास राहिला नव्हता, तो छातीत जाऊन बसला होता. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. आधी खोकला, मग बरगड्यांभोवती कुणी पट्टा आवळतंय अशी भावना, मग श्वास आत जातो पण बाहेर पडायला कुरकुर करतो. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? ‘मला दम लागलाय’ असं म्हणावं. अवघे तीन शब्द. डॉक्टरांना तातडीच्या उपचारांचा दांडगा अनुभव होता, ते हजारोंना या तीन शब्दांचं महत्त्व सांगत आले होते, आणि त्यांनी काय केलं? खिशातून निळा पंप काढला आणि म्हणाले,

“आता... प्रात्यक्षिक बघा.”

आपलाच उपचार त्यांनी प्रात्यक्षिक म्हणून खपवायचं ठरवलं होतं. कुणाला कळणारही नाही आणि औषधही पोटात... म्हणजे छातीत जाईल. कल्पना इतकी झकास वाटली की त्या अवस्थेतही त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. पंप हलवला. श्वास पूर्ण सोडला, म्हणजे सुटला तेवढा. ओठ घट्ट मिटले, सावकाश ओढलं, श्वास रोखला. पंप ओढावा तर असा! सभागृहात लोक टिपून घेत होते. एकजण तर फोनवर चित्रीकरण करत होता.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. “हे... पुन्हा... असं,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी टेबलाची कड धरली. खांदे कानांपर्यंत येत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. दोन-तीन अनुभवी मंडळी एकमेकांना म्हणाली, “वा, रुग्ण काय उभा केलाय!” आयुष्यभर अभिनयाची हौस केली की असा प्रसंग येतो. खरं मरायची वेळ आली तरी लोक टाळ्या वाजवतात.

फक्त पायरीवर बसलेली पोरगी हसत नव्हती. ते खांदे तिच्या ओळखीचे होते. तिचे स्वतःचे तसेच व्हायचे. ती खालून वर बघत होती आणि वडिलांच्या मुठीतल्या पंपाचं बूड बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“बाबा!” ती किंचाळली. “त्याला टिकली आहे!”

डॉक्टरांनी पंप उलटा केला. बुडाला पांढरी टिकली होती, छान गोल, मोठ्या सिस्टरांच्या हातची. इतका वेळ ते अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने काहीही न ओढून घेत होते. त्यांना हसू आलं, पण हसायला लागणारा श्वास नव्हता.

कन्येने पिशवीतून आपला निळा पंप काढून त्यांच्या हातात कोंबला. सगळं सभागृह बघत होतं. बाथरूम नाही, नळ नाही. क्षणभर, खरोखर क्षणभर, त्यांनी त्या लोकांकडे बघितलं, आणि तो क्षण आठवला की आजही त्यांना स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते.

“घे ना रे बाबा!” ती रडत ओरडली.

त्यांनी घेतला. थोडी जागा झाली, पण थोडीच. मग चाकांची खुर्ची आली, आणि पंपवाले डॉक्टर लिफ्टमधून आपल्याच विभागात भरती व्हायला निघाले. कन्या खुर्चीला धरून उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, लिफ्टच्या दाराकडे बघत होती, आणि काहीतरी ठरवल्यासारखे तिचे ओठ मिटलेले होते.

खाली ज्या तरुण डॉक्टरबाईंची पाळी होती त्यांचं नाव डॉक्टरांनीच ‘पाठांतर’ ठेवलं होतं. भिंतीवर चिकटवलेले डॉक्टरांचे दम्याचे नियम बाईंना स्वल्पविरामासकट तोंडपाठ होते, आणि त्यावरून ते त्यांची थट्टा करायचे. आता थट्टा करणारा खाटेवर होता.

“सर, एका दमात एक पूर्ण वाक्य बोलून दाखवा,” पाठांतरबाई म्हणाल्या.

जो माणूस जन्मात कधी एका वाक्यावर थांबला नव्हता, त्याला एक वाक्य पुरं करता येईना. “मला... जरा...” इथेच गाडी थांबली.

बाईंनी पुढचं ऐकून घेतलं नाही. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लागला, ऑक्सिजन आला, तोंडावर मास्क बसला, त्यातून पांढरी धुकट वाफ यायला लागली. डॉक्टरांनी बोट वर केलं. त्यांना विचारायचं होतं की यात स्टेरॉइड घातलंय ना.

“घातलंय सर. श्वास मोकळा करणारी दोन्ही औषधं आणि बरोबर स्टेरॉइड. गोळ्याही देतेय. पहिल्या तासात,” बाईंनी त्यांचं बोट धरून खाली ठेवलं. “भिंतीवर लिहिलंय. तुम्ही आता गप्प पडून राहा.”

ते गप्प पडून राहिले. खाटेच्या पायथ्याशी कन्या उभी होती, हाताची घडी घालून. बाई कागद घेऊन वळल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. विचारणं भागच होतं, नियमातच होतं.

“सर, रोजचा पंप रोज घेता का?”

डॉक्टरांचे डोळे आपोआप वर गेले. छतावर ओलीचा एक मोठा डाग होता, कडेला पिवळट आणि मधे फिका. इतकी वर्षं या विभागात काढून तो त्यांना कधी दिसला नव्हता. दिसणार कसा? तो बघायला इथे आडवं पडावं लागतं आणि थाप मारायची तयारी असावी लागते. म्हणजे एवढे सगळे लोक इतकी वर्षं हा डाग बघत होते तर.

तोंडावर मास्क होता, बोलायची गरजच नव्हती. नुसती मान हलवली की झालं असतं. बाईंनी ‘हो’ लिहिलं असतं, मोठ्या सिस्टरांनी ‘बिचारे’ म्हटलं असतं, विभागात इभ्रत राहिली असती. पण पायथ्याशी ती पोरगी होती. ‘हो’ म्हटलं, तर तिच्या हिशेबाने याचा अर्थ काय? बाबा रोज घेतो, तरीही त्याला असं झालं. म्हणजे रोजच्या पंपात काही राम नाही. ती उद्याच तो फेकून देईल, आणि पुढच्या हिवाळ्यात या खाटेवर कोण असेल ते त्यांना ठाऊक होतं. आणि ‘नाही’ म्हटलं, तर बाबा खोटारडा. दर रविवारी आकडे बघत आपल्याला ‘माझ्याकडे बघ’ म्हणणारा ढोंगी. मग त्या माणसाचं पुढे काही ऐकायचं तरी कशाला?

त्यांना भीती वाटली. श्वास अडकल्याची भीती निराळी, ती त्यांच्या सवयीची होती. ही तिच्याहून वाईट होती. पोरीच्या नजरेतून उतरायची भीती.

त्यांनी डोळे छतावरून खाली आणले. मास्क बाजूला केला.

“सर, मास्क!” बाई ओरडल्या.

“नाही,” ते म्हणाले, कन्येकडे बघत. “नाही... घेत. उन्हाळ्यापासून. बरं वाटत होतं... म्हणून सोडला.”

बाईंनी खाली मान घालून लिहिलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं का, ते डॉक्टरांनी बघितलं नाही. ते बघत होते पोरीकडे. तिने पडदा सरकवला आणि बाहेर निघून गेली.

मग बराच वेळ डॉक्टर आणि तो डाग असे दोघेच होते. मास्क फुसफुसत होता. ज्या औषधासाठी ते जिथे तिथे भांडत आले होते ते आता त्यांच्या छातीत उतरत होतं, आणि खरं सांगायचं तर ते कसं काम करतंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हळूहळू पट्टा सैल झाला. खांदे जागेवर आले. मोठ्या सिस्टर येऊन उशी नीट करून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “म्हणजे साहेब, ते हात धुणं...” डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. पोरगी गेली ती गेलीच, आता ती आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानात गेलं. वाफेने डोळे चुरचुरतात असं ते नंतर सांगत, पण मास्क डोळ्यांना नव्हता.

पडदा पुन्हा सरकला. कन्या वर हॉलमध्ये राहिलेली पिशवी घेऊन आत आली. स्टुलावर बसली. पिशवीतून तिने स्वतःचा रोजचा पंप काढला आणि त्यांच्या पोटावर ठेवला.

“आकडा बघ,” ती म्हणाली.

त्यांनी बघितला. जितका हवा तितकाच होता. “बरोबर आहे की,” ते मास्कमधून म्हणाले.

“बरोबर असणारच. मी खिडकीतून उडवते.”

“काय उडवतेस?”

“फवारे. रोज. तू रविवारी आकडा बघतोस ना, म्हणून. सकाळी एक, रात्री एक, खिडकीतून बाहेर.”

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली. तिच्याखाली कठड्यावर एक कुंडी होती आणि तिच्यातलं झाड यंदा भलतंच तरारलं होतं. बायकोला वाटत होतं, खत बदललं म्हणून. पोरीने त्यांना महिनोन्महिने शेंडी लावली होती आणि ते पंप उंच धरून मिरवत होते. ‘पटवून सांगितलं की पटतं!’

“ते झाड...” ते म्हणाले.

“त्याला दमा नाही,” ती म्हणाली. दोघांच्याही तोंडावर हसू आलं, पण तिचं लगेच मावळलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

“बाबा, लिफ्टमध्ये मी ठरवून टाकलं होतं. म्हटलं, हा रोज घेतो तरी याचं असं होतं, म्हणजे सगळं खोटंच आहे. आता उडवायचासुद्धा नाही. घरी गेल्यावर सरळ टाकूनच द्यायचा.” तिने नाक ओढलं. “मग तू नाही म्हणालास.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिने तो धरला, आणि त्यांना आठवलं की गेल्या हिवाळ्यात तिचा हात धरायचं सोडून आपण पडदा धरला होता.

तेवढ्यात पाठांतरबाई आल्या, मास्क काढला, छाती तपासली आणि म्हणाल्या, “छान. आता सर, स्टेरॉइडनंतर काय?”

“गुळणी,” सर आज्ञाधारकपणे म्हणाले. “नाहीतर तोंड येतं.”

“मीपण,” कन्या म्हणाली. कुणी काही सांगायच्या आधी तिने आपला पंप हलवला, श्वास सोडला, ओठ मिटून सावकाश ओढला आणि रोखून धरला. तिची पद्धत बघून डॉक्टरांचा ऊर भरून आला. पोरगी इतके दिवस नुसती हवेत उडवत होती, पण शिकलेलं विसरली नव्हती.

बायको धावतपळत आली तेव्हा बापलेक बेसिनपाशी उभे होते. दोघांच्या माना मागे कललेल्या, तोंडं पाण्याने भरलेली, घशातून गुळगुळ आवाज, आणि दोघांचेही डोळे छताकडे. बायकोच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. तिने आधी दोघांच्या पाठींवर हात ठेवून बघितलं, दोन्ही पाठी नीट वरखाली होतायत ना ते. मग तिचा आवाज फुटला.

“मला सिस्टरनी सगळं सांगितलंय. कुंडीपण कळली. काय म्हणावं तुम्हा दोघांना! आता तरी रोज घेणार आहात का?”

दोघांनी तशाच वर केलेल्या माना जोरजोरात हलवल्या.

कन्येने आधी गुळणी थुंकली. हाताच्या पाठीने तोंड पुसलं. वडिलांच्या कोटाची बाही धरून ओढली.

“असं नाही, बाबा,” ती म्हणाली. “आधी थुंक. मग माझ्याकडे बघून सांग.”

डॉक्टरांनी गुळणी थुंकली, तिच्याकडे बघितलं, आणि सांगितलं.